फिरत्या दांड्यावरचा पहिलवान

आमच्या कंपनीत कंपवातावर औषध शोधतात. शोधतात म्हणजे, ते सापडलंय असं पाहुण्यांना सांगतात, आणि ते पाहुणे गेले की पुढचे पाहुणे शोधतात. हे पाहुणे श्रीमंत देशांतून विमानानं येतात आणि आमच्या भागाला ‘उगवता प्रदेश’ म्हणतात. माझ्या जन्माआधीपासून आम्ही उगवतोय. एव्हाना ऊन डोक्यावर यायला हवं होतं.

संचालकांना आम्ही पाठीमागे ‘दूरदृष्टी’ म्हणतो. त्यांना पाच वर्षांनंतरचं सगळं लख्ख दिसतं, समोरचं तेवढं दिसत नाही. माझ्याकडे उंदीर. उंदरांना आधी कंपवात जडवायचा, मग निम्म्यांना औषध द्यायचं, मग फिरत्या दांड्यावर ठेवून कोण किती वेळ टिकतं ते मोजायचं. आईला अजून वाटतं मी डॉक्टर होतोय.

औषध मिळालेल्या उंदरांमध्ये एक पहिलवान होता. दांड्यावर असा चालायचा, जणू ऑफिसला उशीर झालाय. पाहुणे आले की दूरदृष्टी त्याला आणि त्याच्या पिंजऱ्यातल्या तिघांना बाहेर काढून दांड्यावर चढवायला लावायचे, आणि पाहुणे दर आठवड्याला यायचे. औषध न मिळालेल्यांना कुणी हात लावत नव्हतं. पडणारा उंदीर बघायला विमानाचं तिकीट कोण काढेल?

वर्षाअखेरीस मोजणी झाली. पहिलवान आणि मंडळी टिकली, औषध न मिळालेले धडाधड पडले. औषध लागू! केक कापला. वर्षभर तालीम केलेल्यांची आणि जन्मात पहिल्यांदा दांडा बघणाऱ्यांची आपण कुस्ती लावलीय, हे एवढ्या पदव्यांच्या घोळक्यात कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं, म्हणून मी दूरदृष्टींकडे गेलो.

“सर, मागच्या पिंजऱ्यात औषध मिळालेले पण दांड्यावर कधीच न चढलेले उंदीर आहेत. त्यांना एकदा चढवून बघू.”

“तू फार नकारात्मक आहेस,” ते म्हणाले, आणि मला सकारात्मकतेच्या शिबिराला पाठवलं. तिथं आपल्या शंका फुग्यात भरून फुगा फोडायला सांगितला. फुगा फुटला, शंका शाबूत राहिल्या.

इथपर्यंत गंमत होती. मग माणसांवरची चाचणी जाहीर झाली आणि माझ्या आत्यानं नाव दिलं.

आत्याचं पार्लर होतं. दोऱ्यानं भुवया कोराव्यात तर तिनंच. हात थरथरायला लागल्यावरही ती काही महिने कोरत राहिली, त्यामुळे आमच्या गल्लीतल्या दोन बायका वर्षभर आश्चर्यचकित दिसत होत्या. मग पार्लर बंद झालं. आता डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांवर ती चालते, जेवते, मला शिव्या देते. चाचणीची अट अशी, की या गोळ्या सहा महिने बंद. गोळ्या बंद म्हणजे आत्याच बंद.

“आत्या, ते औषध चालतं की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही.”

“तुला काय कळतंय? तू उंदरांचा हमाल. ते साहेब टीव्हीवर येतात.”

“टीव्हीवर साबणही येतो.”

“मग साबणानं हात स्वच्छ होत नाहीत का रे, गधड्या?” तिनं दोन्ही हात माझ्या तोंडासमोर धरले. “मला परत दोरा धरायचाय. आता या हातांकडे बघून नाही म्हण.”

मी बघितलं. नाही म्हणता आलं नाही.

पहिल्या रुग्णानं पाहुण्यांसमोर सही करायची, असा समारंभ ठरला. अटीप्रमाणे आत्या सकाळची गोळी न घेता आली होती. खुर्चीत पुतळ्यासारखी बसली होती. दूरदृष्टींनी तासभर भविष्य सांगितलं आणि मला खूण केली. मी पहिलवानाला आत झोपू दिलं आणि मागच्या पिंजऱ्यातला एक उंदीर आणला. औषध तेच, मात्रा तीच.

दांडा फिरला. उंदीर टपकन पडला.

पुन्हा ठेवला. पुन्हा पडला आणि माझ्याकडे बघत बसला, जणू मीच त्याला फसवलंय.

“अरे, हा कुठला आणलास?” दूरदृष्टी खेकसले.

“औषधवालाच आहे, सर. डोसही पूर्ण झालाय.”

“पण याला सवय नाही ना!”

एवढ्या वेळात त्यांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं वाक्य. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. प्रमुख पाहुण्यांनी मान डोलावली, सवयीचं महत्त्व त्यांना पटलं असावं. मग टाळ्या वाजवल्या, कारण कार्यक्रमात तिथं टाळ्या होत्या.

“सवय?” आत्या म्हणाली. गोळीशिवाय तिचा आवाज बारीक झाला होता, पण धार होती. “अहो साहेब, मग औषधानं काय केलं?”

“आजी, ते जरा टेक्निकल आहे. तुम्ही इथं सही करा.”

“तुमच्या उंदराला उभं राहू द्या, मग करते.” तिनं पेन टेबलावर ठेवलं. पेन घरंगळत खाली गेलं. “चल रे, हमाला. घरी माझी गोळी वाट बघतेय.”

मी तिला उठवलं. आम्ही दारापर्यंत गेलो आणि उंबऱ्याशी तिचे पाय जमिनीला चिकटले. या आजारात दारात असं होतं. मेंदू म्हणतो चल, पाय म्हणतात लेखी द्या.

दार एकच, अरुंद, आणि जेवण पलीकडे. आमच्यामागे दूरदृष्टी, त्यांच्यामागे प्रमुख पाहुणे, त्यांच्यामागे बाकीचं शिष्टमंडळ असं तुंबलं. ज्या आजाराचा नायनाट करायला ही मंडळी समुद्र ओलांडून आली होती, तो त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला.

“मॅडम, जरा पुढे होता का?” दूरदृष्टी म्हणाले. मग त्यांनी तिच्या पाठीला हळूच ढकललं.

“हात काढा, सर. पडेल ती.”

“मग करायचं काय?” कंपवातावर जगाला दिशा देणाऱ्या माणसानं मला विचारलं.

मी माझा पाय तिच्या पावलांसमोर आडवा ठेवला. “आत्या, माझ्यावरून ओलांड.”

तिनं खाली बघितलं. उजवा पाय उचलला, माझ्या बुटावरून पलीकडे टाकला, मग डावा. सुटली.

“बूट पुसत जा रे कधीतरी,” ती म्हणाली आणि भराभर जिन्याकडे निघाली. मी तिच्यामागे धावलो. मागे पाहुणे जेवणाकडे धावत होते.