बसवत नाही

म्हातारा चौथ्यांदा खुर्चीवरून उठला. दारापर्यंत गेला, परत आला, टेकला न टेकला तोच पुन्हा उभा राहिला.

"बाबा, बसा ना हो एका जागी!" सून कावली आणि टेबलापलीकडच्या समाजसेविकेकडे वळली. "शेजारी पाण्यात विष कालवतात, हे खूळ गोळ्यांनी गेलं, मॅडम. पण पंधरा दिवसांपासून हे नवीनच. दिवसभर येरझारा. जेवतानासुद्धा उभेच. डॉक्टरांना सांगून औषध वाढवून द्या."

समाजसेविकेने पेनाचं टोपण काढलं. फाइलवरचं नाव तिने वाचताक्षणीच ओळखलं होतं.

अठरा वर्षांपूर्वी मनोरुग्णालयातल्या याच टेबलामागे हा म्हातारा बसायचा. तेव्हा तो साहेब होता. घरच्यांशी बोलायचं, रुग्णाला न्याहाळायचं आणि नोंद लिहायची, हे त्याचं काम. डॉक्टर गर्दीत ती नोंद वाचूनच औषध ठरवायचे. तिचा धाकटा भाऊ त्याच्यासमोर अशीच ऊठबस करत होता. 'बसवत नाही हो,' एवढंच म्हणत होता. साहेबाने मान वर न करता लिहिलं: आजार बळावला आहे. रुग्ण हट्टी, मुद्दाम त्रास देतो. औषध वाढवावे.

औषध वाढलं. आठव्या दिवशी भाऊ चालत चालत पुलावर गेला, तो परत आलाच नाही.

पुढे ती हेच काम शिकली. पहिल्याच वर्षी पुस्तकात सापडलं: काही गोळ्यांनीच अशी तगमग उठते, आणि आजार समजून डोस वाढवला तर ती आणखी वाढते. ते पान वाचून ती वर्गातून उठून गेली होती. नोकरी लागल्यावर तिने भावाची जुनी फाइल शोधून काढली आणि त्या नोंदीची झेरॉक्स ड्रॉवरमध्ये ठेवली. उट्टं काढायची संधी अशी आयती चालून येईल, असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

तीच तीन वाक्यं उतरवायची, बस. कोण विचारणार होतं? सून तर स्वतःच मागत होती. 'आजार बळावला' इथपर्यंत तिने लिहिलंही. लिहिताना बरं वाटलं, चांगलंच बरं वाटलं.

"काय होतंय तुम्हाला?" तिने विचारलं. विचारायची गरज नव्हती. तिला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"बसवत नाही हो," म्हातारा रडकुंडीला आला होता. "पाय ऐकतच नाहीत माझे."

तिचं पेन थांबलं. वाढीव डोसवर हाही कुठेतरी निघून जाईल, आणि कशापायी गेलो ते त्याला कळणारही नाही. इतक्या स्वस्तात तिला त्याला सोडायचं नव्हतं.

तिने दोन्ही शब्द खोडले. 'तगमग औषधामुळे. डोस कमी करावा,' असं लिहिलं आणि कागद घेऊन स्वतःच डॉक्टरांकडे गेली.

दोन आठवड्यांनी म्हातारा त्याच खुर्चीत मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसला होता. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं.

"देवासारख्या भेटलात, मॅडम," ती म्हणाली आणि गोळ्या आणायला खिडकीवर गेली.

"आता बसवतंय?" समाजसेविकेने विचारलं.

"तासन् तास. तुमचे उपकार..."

"वाचता येतंय नीट?"

"येतंय की."

तिने ड्रॉवर उघडला. जुनी झेरॉक्स त्याच्यासमोर ठेवली आणि शेजारी तिने त्याच्याबद्दल लिहिलेली नोंद. म्हाताऱ्याने चष्मा पुसून घातला.

"हे अक्षर माझं," तो म्हणाला. थोडा खूशही झाला. मग वाचू लागला.

"माझा भाऊ होता," ती म्हणाली. "आठ दिवसांनी त्याने पुलावरून उडी टाकली."

म्हातारा या कागदावरून त्या कागदावर गेला, परत या कागदावर आला. उभा जन्म याच कामात गेलेला. समजावून सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिसऱ्या वाक्यावर त्याचं बोट थांबलं. तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

सून गोळ्या घेऊन आत आली ती दारातच थबकली.

"अगं बाई, परत सुरू झालं की हो! औषधामुळेच का?"

समाजसेविकेने झेरॉक्सची घडी घातली.

"नाही," ती म्हणाली. "हे औषधामुळे नाही."