फुमीअक्काचे कंद

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हेब्बाळच्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वास सुटला. पहिल्या दिवशी सगळ्यांनी तो तळ्याच्या माथी मारला. दुसऱ्या दिवशी वॉचमन देवाप्पा काठी घेऊन जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, लिफ्टच्या खड्ड्यात मेलेला उंदीर शोधत फिरला. तिसऱ्या दिवशी समोरच्या कावेरीने अहल्याची बेल वाजवली आणि पदर नाकाला लावूनच म्हणाली, "अक्का, रागावू नका, पण वास तुमच्याच बाजूनं येतोय. स्वल्प बघता का?"

अहल्याला आठवडाभर सर्दी होती, त्यामुळे तिच्या नाकाला कशाचाच पत्ता नव्हता. दोघींनी मिळून स्वयंपाकघर, मोरी, पलंगाखालचा भाग पाहिला. शेवटी त्या बाल्कनीतल्या कपाटाशी आल्या. तिथे दर हिवाळ्यात काढलेले कंद ती कोरड्या वाळूत घालून ठेवायची, ते एप्रिलपर्यंत तसेच निजून राहायचे. तिने दार उघडलं आणि कावेरी दोन पावलं मागे सरली.

सगळ्यात मोठ्या कंदातून हातभर उंच देठ वर आला होता. त्यावर वाळलेल्या रक्ताच्या रंगाची एकच रुंद, चुरगळलेली झालर, आणि तिच्या मधून वर गेलेला लांब काळपट दांडा. माती नाही, पाणी नाही, उजेड नाही. अंधाऱ्या कपाटात ते आपलं आपण उमललं होतं.

"हे काय आहे?" कावेरीने विचारलं.

"फूल आहे," अहल्या म्हणाली. "सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा आलं."

देवाप्पाने तो कंद हात लांब धरून गच्चीवर नेला आणि पाण्याच्या टाकीमागे ठेवला. चार दिवस त्याच्यावर माश्या घोंघावत होत्या. अहल्या रोज सकाळी चहाचा पेला घेऊन वर जाई आणि त्याच्याजवळ उभी राही. फुमी इथे असती तर काय म्हणाली असती, हेच तिच्या मनात येत राही.

फुमी त्यांच्या इंदिरानगरच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आली, ते सत्त्याण्णव साल होतं. तिचा नवरा बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात जपानी यंत्रं बसवायला आला होता. तो सकाळी सातला जाई तो रात्रीच उगवे. दिवसभर एकटी फुमी जिन्यावर बसून खालच्या हालचाली बघायची. अहल्या तेव्हा टेलिफोन खात्यात होती, बत्तीस वर्षांची, लग्न न झालेली, आणि ते होणार नाही असं घरात सगळ्यांनी मनोमन धरून टाकलेलं. दोघी एका वयाच्या. संध्याकाळी अहल्या कामावरून आली की फुमी खाली यायची. भाजीवालीकडून उचललेलं कन्नड, आईकडून शिकलेलं मराठी आणि शाळेतलं इंग्रजी यांची मोट बांधून ती बोलायची. भाजीवाली तिला अक्का म्हणे, म्हणून आईही म्हणू लागली, आणि महिन्याभरात ती सगळ्या गल्लीची फुमीअक्का झाली.

तिला सगळं जेवण आवडायचं. फक्त एका पदार्थाचं नाव काढलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. कोन्न्याकू, एका कंदापासून केलेल्या वड्या. तिचे वडील डोंगरउतारावर त्या कंदाचं पीक घेत. दुसऱ्या वर्षी माहेरी जाऊन आली तेव्हा तिने मोज्यांत गुंडाळून अक्रोडाएवढे सहा कंद आणले आणि मागच्या अंगणात, नारळाच्या सावलीत लावले. महिन्याभराने एकेक दांडा वर आला. सापाच्या अंगासारखा ठिपक्याठिपक्यांचा, आणि वर छत्रीसारखं एकच पान. आई म्हणाली, "अगो, हा तर आपला सुवर्णगड्डा." सुरणाला आई नेहमी कन्नडच नाव वापरायची. फुमी हसून म्हणाली, "आई, भाऊ आहे त्याचा. पण स्वभाव वेगळा."

कंद खाण्याजोगा व्हायला तीन हिवाळे लागतात, असं तिने सांगितलं होतं. दर वर्षी पान आडवं झालं की दोघी मिळून कंद काढायच्या, पुसायच्या, वाळूत ठेवायच्या, आणि उन्हाळ्यात फुमी ते पुन्हा लावायची. तिसरा हिवाळा यायला चार महिने राहिले असताना फुमीच्या नवऱ्याला परत बोलावणं आलं. निघायच्या दिवशी तिने अहल्याचे दोन्ही हात धरले. "काढून ठेव. मी येते. मग करू."

त्या डिसेंबरात कंद चांगले नारळाएवढे निघाले. अहल्या कामावर गेली असताना आईने त्यातला एक सुरणासारखा चिंच घालून शिजवला. सगळ्यांचे घसे दोन दिवस खाजत होते. भाऊ श्रीहर्ष संतापून म्हणाला, "ते विष आधी फेकून दे." अहल्याने फेकलं नाही. मोठे कंद कुजून गेले, त्यांना फुटलेली पिल्लं तिने जपली. सुरुवातीला फुमीची पत्रं आली, मग नवऱ्याची बदली झाली, मग एक नववर्षाचं कार्ड, आणि मग काही नाही. आई गेली. इंदिरानगरचं घर विकलं, तिथे आता हॉटेल आहे. अहल्या हेब्बाळला आली तेव्हा सामानात कंदांची पाटी होती. बाल्कनीतल्या लहान कुंड्यांत ते कधी मोसंब्यापेक्षा मोठे झाले नाहीत. तीन वर्षांपूर्वी सोसायटीने गच्ची वापरायला दिली, तिने रंगाचे रिकामे डबे आणून त्यांत ते लावले, तेव्हाच ते पुन्हा वाढले.

त्या रविवारी भाची भार्गवी आली. ती जवळच्याच टेक पार्कमध्ये कामाला होती. तिने फूल पाहिलं, नाक दाबलं, फोटो काढला आणि सोफ्यावर बसून अर्धा तास फोनमध्ये वाचत राहिली.

"आत्या, हे चुन्याशिवाय खाताच येत नाही. आजीने चिंच घातली, तिथेच चुकलं. आपण करू या ना."

"ती येऊन करणार होती."

"कधी?"

इतकी वर्षं कोणी तिला हा प्रश्न विचारला नव्हता, आणि तिने स्वतःलाही विचारला नव्हता. फुमीला शोधणं आजकाल अवघड नव्हतं, हे तिला कळत होतं. पण शोधल्यावर ती आपल्याला विसरलेली निघाली तर, या भीतीने तिने ते कधी केलंच नाही. थोड्या वेळाने ती उठली आणि कपाटातून एक थोराड कंद घेऊन आली.

हातात रबरी मोजे चढवून तिने तो सोलला. फोडी उकडल्या, भरपूर पाणी घालून मिक्सरमधून काढल्या. पहिल्या खेपेला चुना कमी पडला, आणि पातेल्यात पतंगाला लावायच्या खळीसारखा गिळगिळीत लगदा राहिला. कावेरीकडे तिच्या सासूचा पानाचा डबा होता. तिने चुन्याची डबीच आणून दिली. "सुण्णा पाहिजे तेवढा घ्या, पण या वेळी वास नको," ती म्हणाली आणि ओट्याशी उभी राहिली. दुसऱ्या खेपेला अहल्याने चुन्याचं पाणी ओतलं, पटपट ढवळलं, आणि लगदा तिच्या हाताखाली एकदम आवळला. तो ताटात थापून तिने वड्या पाडल्या, अर्धा तास उकळल्या, थंड पाण्यात टाकल्या. राखाडी, थुलथुलीत, बारीक काळ्या ठिपक्यांच्या.

तिघींनी एकेक वडी तोंडात टाकली आणि एकमेकींकडे पाहिलं.

"चवच नाही," भार्गवी म्हणाली.

"नळाच्या वॉशरसारखं लागतंय," कावेरी म्हणाली.

अहल्या चावत राहिली. यासाठी फुमी जिन्यावर बसून रडायची, हे तिला खरंच वाटेना. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. उरलेल्या वड्या तिने चिंचगुळाच्या सारात टाकल्या. त्या बऱ्या लागल्या.

संध्याकाळी तिने फुमीच्या माहेरचा पत्ता असलेला जुना लिफाफा शोधून काढला. भार्गवीच्या ऑफिसातल्या एकाला जपानी येत होतं. त्याने चार ओळी लिहून दिल्या, खाली फुलाचा फोटो आणि फोन नंबर. पत्र गेलं. तीन आठवडे काहीच झालं नाही, आणि अहल्याने मनाची समजूत घातली.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी अनोळखी नंबरवरून व्हिडिओ कॉल आला. आखूड कापलेले पांढरे केस, चष्मा. समोरच्या बाईने तिला नीट निरखलं आणि हळू आवाजात विचारलं, "ऊट आयता, अहल्या?"

"जेवण झालं," अहल्या म्हणाली. "तुझं झालं का?"

भाषा बरीच गंजली होती. मधेमधे फुमी थांबून शब्द शोधायची, कधी कन्नड सापडायचा, कधी काहीच नाही. तरी सगळं कळलं. वडील गेले, मागोमाग भाऊही. टपालवाल्याने पत्र भावजयीला पोचवलं, म्हणून उशीर झाला. डोंगरावरच्या शेतात कुणी उरलं नाही, तिथे आता बांबूचं रान माजलंय. नवऱ्याला दोन वर्षांपासून पक्षाघात आहे, त्याला सोडून ती कुठे जाऊ शकत नाही.

"आप्पांचं ते बियाणं," तिने वडिलांना इथला शब्द वापरला, "आमच्याकडे आता कुणाकडेच नाही. दुकानात मिळतं ते नवीन जातीचं. तुझ्याकडे आहे, माहीत नव्हतं."

अहल्याने फोन उचलून कपाटाकडे नेला आणि तिला एकेक कंद दाखवला. फुमी तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

"एक पाठवू?"

"विमानानं नाही चालत. तपासतात."

"तू तेव्हा आणलेस ना."

"तेव्हा मी तरुण होते," फुमी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

मग अहल्याने विचारूनच टाकलं. "अगो, चवच नाही त्याला. एवढं रडायचीस कशासाठी?"

फुमीने विचार केला. "हिवाळ्यात आप्पा करायचे. गरम असायचं. फुंकर मारून माझ्या तोंडात घालायचे."

पुढच्या रविवारी लावणी होती. फुमीने आधीच सांगून ठेवलं होतं, लावताना फोन कर. अहल्याने गच्चीवरच्या कठड्यावर मोबाइल टेकवून ठेवला. भार्गवी डब्यांत माती आणि शेणखत भरत होती. कावेरीने आपल्यासाठी एक कुंडी आणली होती. अहल्याने पहिला कंद डोळा वर करून सरळ मातीत ठेवला, तसं पलीकडून फुमी ओरडली, "सरळ नको. वाकडा. डोळ्याच्या खळग्यात पाणी साचतं, कुजतो."

"तू गेल्यापासून सरळच लावतेय मी."

"म्हणून लहान राहिले," फुमी म्हणाली. "आप्पा असते तर तुला रागावले असते."

अहल्याने कंद काढला आणि जरा कलता करून पुन्हा ठेवला. फूल येऊन गेलेला कंद सुरकुतून हलका झाला होता, त्यातून पान येईल का हे फुमीलाही सांगता येईना. तोही लावला. फुमी दर कंदाला "सरी, बरोबर" म्हणत होती, सतरावा मातीत गेला तोपर्यंत. मग आतून तिच्या नवऱ्याने हाक मारली, आणि त्याला जेवू घालायला ती उठून गेली.