चांदीचा चिमटा

देवळाखालच्या डोहात गळ टाकायचा नाही, हा नीरेकाठच्या त्या गावाचा जुना रिवाज. तरी कुणीतरी टाकला होता. दोरी तुटली आणि गळ एका थोरल्या रोहूच्या जबड्यात राहिला. घाटावरून रोज मुरमुरे टाकणाऱ्या म्हाळसाबाईंच्या तो नजरेस पडला. मासा तोंड उघडून वर येई आणि काही न खाता परत जाई.

म्हाळसाबाईंच्या माहेरी मेंढरं होती. ती विकून भावांनी शेती धरली, पण मेंढरांच्या खुरांतले काटे उपसायचा बापाचा लोखंडी चिमटा बाईंच्या कनवटीला राहिला. पातळ, लांब चोचीचा. देवस्थानचे अध्यक्ष दादासो यांना त्या म्हणाल्या, "गेणू कोळी जाळं टाकंल. मी गळ काढते."

"देवाच्या माशाला लोखंड? इटाळ व्हईल, अक्का," दादासो म्हणाले. "बारामतीच्या सोनाराकडनं चांदीचा चिमटा घडवू. येत्या रविवारी कार्यक्रम ठिवू, मोठ्या पाव्हण्यांच्या हातनं गळ काढू."

"तवर त्यानं खायाचं काय? तुमचं भाषण?"

पारावरची माणसं हसली. चिमटा मात्र चांदीचाच झाला.

त्या रविवारी, १९९४ च्या मार्चमध्ये, घाटावर मांडव पडला. गेणूने सकाळीच रोहू धरून अर्ध्या कापलेल्या टिपाडात सोडला. येईल तो हात जोडून चिमूटभर भंडारा पाण्यात टाकी. पाणी पिवळं झालं. ऊन चढलं. पाहुणे इंदापुरात दुसऱ्या उद्घाटनाला अडकले होते. मासा तोंड वर काढून धापा टाकू लागला.

"दादासो, मरतंय ते!"

"जीप निघालीया. जरा दम धरा."

"मी धरते की. त्याला कुठनं धरता येतोय?"

म्हाळसाबाईंनी पदर खोचला आणि कनवटीचा लोखंडी चिमटा काढला. गेणूने एकदा दादासोंकडे पाहिलं आणि माशाला पाण्यातच दोन्ही हातांनी आधार दिला. चिमटा आत गेला, मनगट वळलं, गळ निघाला. बाईंनी तो पायरीवर ठेवला. दोघांनी टिपाड डोहात कलंडवलं. रोहू क्षणभर काठाशी थांबला, मग खाली गेला.

"इटाळ केलासा!" दादासो माईकवरच ओरडले. तेवढ्यात रस्त्यावर धुरळा दिसला. त्यांचा आवाज उतरला. "गेणू, दुसरा धर. कसला बी."

"पर त्याला गळ कुठं हाय?"

दादासोंनी पायरीवरचा गळ उचलला.

गेणूने आणलेला मासा वीतभर होता. दादासोंनी त्याचा जबडा उघडून गळ आत दाबला. मांडवात सगळे बघत होते.

पाहुण्यांनी चांदीचा चिमटा लावला. मऊ चांदी वाकली. पुन्हा लावला, आणखी वाकली. फोटोग्राफर म्हणाला, "झाला फोटो, साहेब." पाहुण्यांनी मासा गळासकट डोहात सोडला. टाळ्या पडल्या. मुक्या जिवांवरच्या दयेबद्दल भाषण सुरू झालं.

म्हाळसाबाई तोवर गुडघाभर पाण्यात उतरल्या होत्या, हातात लोखंडी चिमटा घेऊन. मासा काठाजवळ तिरपा पोहत होता.

"गेणू, जाळं आण," त्या भाषणापेक्षा मोठ्यानं ओरडल्या. "आन ह्या बारीला गळ पायरीवर ठिवणार न्हाय मी!"

गेणू पाहुण्यांच्या पुढून जाळं घेऊन पळत निघाला.