गिअरबॉक्समधले सोने

रविवारी सकाळी साडेसहाला आवारात बावीस गाड्या उभ्या होत्या आणि त्यांतल्या एकीचेही इंजिन चालू नव्हते. तशी ताकीदच होती. गाडी आदल्या संध्याकाळी आणून लावायची, रात्रभर चावीला हात लावायचा नाही. गाडी 'उपाशी' हवी. मालक मात्र घरून चहा पिऊन आले होते आणि दवाखान्याबाहेर नातेवाईक उभे राहतात तसे हाताची घडी घालून भिंतीच्या कडेने उभे होते.

मधोमध पांढऱ्या डगल्यात गिअरबुवा फिरत होता. कधीकाळी तो शर्यतीच्या गाड्या दुरुस्त करायचा म्हणे. कुठल्या शर्यती, हे कोणी विचारले नव्हते. गाडीत बसून तो डोळे मिटायचा, गिअरच्या मुठीवर तळवा ठेवायचा आणि या गिअरबॉक्सला कोणते तेल मानवेल ते सांगायचा.

"टर्बो आहे ना?" त्याने विचारले.

"हो, टर्बो," गाडीवाला म्हणाला.

"हाताला कळलंच. टर्बो म्हणजे उष्ण प्रकृती. इंजिनाला रात्रंदिवस फुंकर घालून आतून पेटलेली. हिला साधं तेल म्हणजे पैलवानाला बाळाचं दूध. हिला जड तेल पाहिजे, आणि जागवलेलं पाहिजे."

गाडीवाल्याच्या थोरल्या बहिणीने जांभई दाबली. ती तंत्रशाळेत वीस वर्षे मोटारदुरुस्ती शिकवत होती आणि गावात सगळे तिला मास्तरीण म्हणत. भाऊ तीन महिने बुवाचेच तेल घालून घेत होता आणि 'एकदा डोळ्यांनी बघ, मग बोल,' असा त्याने धोशा लावला म्हणून ती आली होती. दुसरेही कारण होते. भाऊ याच गाडीवर प्रवासी नेत असे आणि मंगळवार, गुरुवार, शनिवारी त्यांच्या वडिलांना, अण्णांना, डोंगरावरच्या इस्पितळात डायलिसिसला नेत असे. अठरा किलोमीटरची चढण, आणि त्यातली बहुतेक दुसऱ्या गिअरवर. ही गाडी बंद पडली तर अण्णांना वर नेणारे दुसरे काही नव्हते.

"घाला दुसरा," बुवा म्हणाला.

भावाने गाडी चालू करून जराशी पुढे घेतली आणि दुसरा गिअर टाकला. आतून कर्रर्र असा आवाज आला. भिंतीकडचे लोक कळवळले.

बुवा गाडीखाली सरकला, बूच उघडून त्याने थोडे जुने तेल पांढऱ्या ताटलीत काढले आणि ताटली उन्हात तिरकी धरली. काळपट तेलात बारीक सोनेरी कण चमकत होते. गर्दी पुढे सरकली.

"सोनं उतरलं," बुवा हळूच म्हणाला. "तिसऱ्या महिन्यात उतरतं. ज्याचा विश्वास पक्का, त्याचं दुसऱ्यातच. मी काही करत नाही, तेल करतं."

मग चिठ्ठी नसलेल्या बाटलीतून नवे तेल आत गेले. गंधकाचा भपकारा सुटला. "वास येतोय?" बुवा म्हणाला. "ती ताकद." आणि शेवटचा नेम: गावाबाहेरच्या रस्त्याने अकरा फेऱ्या, न थांबता, तेल हाडात मुरायला.

अर्ध्या तासाने भाऊ परतला. त्याने दोन बोटांनी दांडा ओढला. दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

"आता बोल," भाऊ बहिणीला म्हणाला.

"बोलते. घरी चल."

निघण्याआधी तिने ताटलीतले चमचाभर तेल औषधाच्या रिकाम्या डबीत घेतले. शेडच्या मागे एक पिंप उभे होते, त्याच्यावरची अक्षरेही तिने वाचून घेतली.

घरी अण्णा खिडकीपाशी बसले होते. हातावरच्या डायलिसिसच्या फुगलेल्या शिरेवर त्यांनी रुमाल टाकला होता. बहिणीने कण कागदावर पुसून घेतले आणि त्यांच्यावरून लोहचुंबक फिरवला. एकही हलला नाही.

"बघ," भाऊ म्हणाला. "लोखंड नाही. सोनंही चिकटत नाही चुंबकाला."

"पितळही चिकटत नाही." तिने शाळेतून आणलेल्या बाटलीतले तेजाब काचेच्या नळीत घेऊन त्यात कण टाकले. ते फसफसले, तांबूस धूर आला. बघता बघता कण नाहीसे झाले आणि पाणी निळसर हिरवे झाले. "सोनं असतं तर तळाशी तसंच पडून राहिलं असतं."

"मग सोन्यात भेसळ असेल."

अण्णा खाकरले. ते हसत होते की खोकत होते ते कळले नाही.

"अरे, नीट ऐक," ती म्हणाली. "गिअर बदलताना आतल्या दोन चाकांचे वेग जुळावे लागतात. ते काम एक पितळी कडं करतं. ते चाकाला घट्ट धरतं, वेग जुळतो आणि गिअर गुपचूप पडतो. या तेलात त्याची पकड सुटते आणि गंधक पितळ खातं. ताटलीत चमकत होतं ते तुझ्या गाडीचं कडं आहे. तुझी गाडी झिजून त्या ताटलीत पडतेय आणि लोक टोप्या काढतायत."

"पण टर्बो आहे, ताई. जोर जास्त असतो."

"असतोच. तो जोर धरूनच गाडी करणाऱ्यांनी तेल ठरवलंय. पुस्तक कुठंय?"

पुस्तक गाडीच्या कप्प्यात होते, चार वर्षांपूर्वीच्या प्लास्टिकसकट. तिने प्लास्टिक फाडून तेलाचे पान उघडले. तेलाचा दर्जा चार. जाडी किती, प्रमाण किती, सगळे दोन ओळींत.

"चार," भाऊ म्हणाला. "बुवांचं पाच आहे. म्हणजे वरचंच झालं."

"ती काय शाळेतली इयत्ता आहे? पाच ट्रकच्या मागच्या ॲक्सलसाठी असतं, तिथं पितळी कडं नसतंच. त्याच्या शेडमागच्या पिंपावर ते छापलंय, ट्रकच्या चित्रासकट."

"मग फेऱ्या मारल्यावर गिअर कसा पडला? तू स्वतः बघितलंस."

त्याचे उत्तर तिला माहीत होते. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला कळले की ऐकून त्याचा उपयोग होणार नाही. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी तो त्याच तेलावर अण्णांना वर घेऊन गेला. शनिवारी अर्ध्या चढणीवर दुसरा गिअर दोनदा सुटला. हे त्याने तिला सांगितले नाही, अण्णांनी सांगितले.

त्याच शनिवारी संध्याकाळी तिने तंत्रशाळेची सरावाची गाडी आवारात नेऊन लावली. तिला तोच गिअरबॉक्स होता. रविवारी तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "माझ्या गाडीखाली मीच जाते. बुवांना कशाला त्रास?" गर्दी हसली. बुवाही हसला आणि त्याने बाटली तिच्या हातात दिली.

दुसरा गिअर टाकताच आवाज आला, कर्रर्र. ती गाडीखाली गेली, बूच उघडले, पुन्हा बसवले आणि बाहेर आली. अकरा फेऱ्या मारून परतली. भावाला बोलावून तिने त्याला चालकाच्या जागी बसवले. त्याने दोन बोटांनी दांडा ओढला. गिअर गुपचूप पडला.

"बघा, तेल," बुवा म्हणाला.

तिने बाटली सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. बाटलीचे सील तसेच होते.

"थेंबभरही घातलं नाही," ती म्हणाली. "थंड गाडीत तेल घट्ट असतं, म्हणून गिअर कुरकुरतो. अकरा फेऱ्यांत ते तापतं, पातळ होतं, आणि गिअर पडतो. कुठल्याही तेलात पडेल. गाडी उपाशी ठेवायला सांगतात ती एवढ्यासाठीच. उद्या सकाळी ही पुन्हा कुरकुरणार, तुमच्याही कुरकुरणार. पहिले दोन किलोमीटर सबुरीनं चालवा, त्याला औषध लागत नाही. आणि ताटलीत दिसतं ते पितळ आहे."

लोक बाटलीकडे आणि मग बुवाकडे बघू लागले. या क्षणाची ती आठवडाभर वाट बघत होती.

बेकरीवाला आपल्या गाडीला टेकून उभा होता. तो पुढे आला. "म्हणजे बाई, तेल न घालताच गुण आला?"

"गुण नाही हो. ऊब आली."

"तेच ते." त्याने गाडीची चावी पुढे केली. "माझ्या मुठीवर जरा हात ठेवता का? बुवांपेक्षा तुमचा हात हलका दिसतोय."

त्याच्यामागे आणखी दोघे येऊन उभे राहिले. बुवाने फार तर तीन श्वास घेतले असतील. "मी काय सांगत होतो?" तो मोठ्याने म्हणाला. "रस्ताच जागा झालाय. बाईंच्या गाडीलासुद्धा त्यानं पावती दिली. तेल निमित्त, फेऱ्या खऱ्या. चला, पुढची गाडी."

पुढची गाडी पुढे आली.

तिने आजूबाजूला पाहिले. वर्गात एखाद्याला समजले नाही तर ती फळा पुसून पुन्हा शिकवायची. इथे सगळ्यांना समजले होते आणि त्याने काहीही बदलले नव्हते. फक्त भाऊ तिच्या हातातल्या बाटलीच्या सीलकडे टक लावून बघत होता.

सोमवारी त्याने स्वतः जुने तेल काढले, पुस्तकातले भरले आणि हात पुसत विचारले, "आता होईल ना नीट?"

"तेल बरोबर आहे. कडं गेलंय. झिजलेलं पितळ तेल परत आणत नाही."

नवे कडे यायला तीन आठवडे लागणार होते. म्हणजे अण्णांच्या नऊ फेऱ्या.

मंगळवारी ती शाळेतून रजा घेऊन भावाशेजारी बसली. "क्लच दाब, न्यूट्रल कर, क्लच सोड. जरा ऍक्सिलरेटर. पुन्हा क्लच. आता टाक." जुन्या ट्रकवाल्यांची ही रीत तिने त्याला वळणावळणावर शिकवली. चारदा जमायचे, पाचव्यांदा दांडा हातात थरथरायचा आणि गाडी पहिल्यावर रांगत राहायची. मागे हॉर्नची रांग लागली.

अण्णा मागच्या सीटवर चष्मा लावून गाडीचे पुस्तक वाचत होते. "चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "माझ्या रक्ताला कुठलं पाणी लावायचं ते तिथली पोरगी दर महिन्याला तपासणीचा कागद बघून लावते. माझ्या कपाळावर तळवा ठेवून लावायला लागली, तर तू मला तिथं नेशील का रे?"

भावाचे दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामात होते.

ते पस्तीस मिनिटे उशिरा पोचले. यंत्र चार तासांचे असते आणि पुढच्या पेशंटची वेळ ठरलेली असते, त्यामुळे ती पस्तीस मिनिटे अण्णांच्या रक्तशुद्धीतून वजा झाली. संध्याकाळी त्यांचे पाय नेहमीपेक्षा सुजलेले होते. बहिणीने बोटाने दाबून पाहिले. खड्डा पडला आणि तसाच राहिला. अजून आठ फेऱ्या होत्या.

पुढच्या रविवारी आवारात एकतीस गाड्या होत्या. बुवाने तेल बंद केले होते, आता तो फक्त फेऱ्या घालायला लावत होता. गिअर पडत होते.

त्या एकतीस गाड्यांच्या कप्प्यांत एकतीस पुस्तके होती. गाडी टर्बो असो वा नसो, तिच्या गिअरबॉक्सला कोणते तेल लागते ते त्यात दोन ओळींत लिहिलेले असते, आणि वाचायला मिनिटही लागत नाही. ते वाचा. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर टोपी काढण्याआधी एवढेच विचारा: तो केला नसता, तर काय झाले असते?