पाचवा नंबर

चौकटीतल्या १ च्या शेपटीला हळद लागली होती. आईने आकडा लिहिला असणार, मग अंगठ्याने कागद धरला असणार, मग डाग दिसल्यावर पदराने पुसायला गेली असणार – म्हणून तो पिवळा फरकाटा असा उजवीकडे ओढत गेलेला… लोह्याच्या पुढे बस खड्ड्यात आदळली तसा देविकाने कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला. खरं तर धरायची गरज नव्हती. पाठच होता तो तिला. पाच वाक्यं, पाच चौकटी. १, १, १, १ आणि शेवटी ५. बेरीज नऊ. पस्तीसपैकी नऊ.

एवढी कमी बेरीज वर्गात कुणाच्याच घरून आलेली नव्हती. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला सकारात्मक मानसशास्त्राचा पेपर घेणारी त्या नांदेडच्या कॉलेजात एकूण अठरा पोरं, आणि शिकवायला राघवेंद्र सर – जे पहिल्याच तासाला म्हणाले होते की, आपल्याला कशाने सुख मिळेल याचा आपला अंदाज निम्म्या वेळा चुकतो, आणि दुसऱ्याला कशाने मिळेल याचा तर विचारूच नका. वर्ग हसला होता. तीही हसली होती. मग सरांनी सगळ्यांना घरच्या एकेका माणसाकडून हा कागद भरून आणायला सांगितला. प्रत्येक वाक्यापुढे एक ते सातमधला एक आकडा : एक म्हणजे अजिबात पटत नाही, सात म्हणजे पूर्ण पटतं. समोर बसू नका, समजावत बसू नका, उत्तर तुमच्या तोंडाकडे बघून येता कामा नये. तिने सगळं अगदी नियमाने केलं. दिवाळीच्या सुट्टीत लातूरला, आई मेसमधल्या चाळीस पोरींच्या आमटीला फोडणी देत असताना, कागद आणि एक पाकीट ओट्यावर ठेवलं, "एक ते सातातला नंबर दे प्रत्येकाला," एवढंच म्हणाली आणि बाहेर गेली. पाकीट उघडलं ते नांदेडच्या खोलीवर. तेव्हापासून महिना झाला, कागद सरांना दिलेला नाही.

'आज माझं जे चाललंय ते मला आवडतं.' – एक. 'माझ्या घरातली माणसं मला समाधान देतात.' – एक. घरातली माणसं म्हणजे कोण? बाबा, म्हणजे माधवराव, मुरुडच्या शाळेत मास्तर, सकाळी सातच्या गाडीने जातात आणि संध्याकाळी येऊन भाजी निवडायला बसतात. त्यांनी आयुष्यात कुणाला त्रास दिल्याचं ऐकिवात नाही. मग उरलं कोण? उरले मी.

हे गणित तिने इतक्यांदा केलं होतं की आता त्यात दुखणंही उरलं नव्हतं, नुसतं उत्तर उरलं होतं. दोनदा मेडिकलची परीक्षा. दुसऱ्या वेळी रिपीटर बॅचमध्ये. ज्या गल्लीत आईची मेस, त्याच गल्लीच्या तोंडाशी तो क्लास, आणि क्लासच्या भिंतीवर निवड झालेल्या पोरांचे फोटो असलेला हा एवढा मोठा फ्लेक्स. आईच्या हातचं खाऊन चौदा पोरी डॉक्टर व्हायला गेल्या. चौदाही जणी जाताना पाया पडून गेल्या. आणि पोटची पोर – दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच – दुसऱ्या निकालानंतर तीन दिवस अंथरुणात पडून राहिली आणि चौथ्या दिवशी म्हणाली, मला नाही करायचं हे. आई तेव्हा नुसतं "बरं," म्हणाली आणि कणीक मळायला गेली. त्या 'बरं'चा अर्थ लावता लावता अडीच वर्षं गेली, आणि मग या कागदाने तो आयताच हातात दिला.

बॅगेत, डब्याच्या खाली, दुसरा कागद होता. त्याच क्लासच्या, जानेवारीत सुरू होणाऱ्या जलद बॅचचा प्रवेश अर्ज. सगळा भरलेला, फोटो चिकटवलेला. आज शनिवार, शेवटचा दिवस, ऑफिस सहापर्यंत उघडं. बी.ए. सुटली तर सुटली. जो विषय शिकून आईच सुखी नाही हे कळतं, आणि काय करायचं ते कळत नाही, त्या विषयाची पदवी घेऊन काय भिंतीवर लावायची?

अहमदपूरला एक म्हातारी शेजारी बसली आणि तिने न विचारता मूठभर भुईमुगाच्या शेंगा देविकाच्या मांडीवर ओतल्या. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, हाही सरांचाच एक नेम. सुरुवातीला तिने तो मार्कांसाठी पाळला – 'आज ऊन पडलं', 'आज नळ आला' – आणि मग कधीतरी नेम तिलाच पाळायला लागला. दिवसभर डोळा तिसरी गोष्ट शोधत फिरायचा. गोदावरीच्या घाटावर वाळत घातलेल्या केशरी पगडीचं लांबच लांब कापड, दोघांनी दोन टोकं धरून झटकलेलं… रिक्षावाले चांदपाशा चाचा, रोज तिला बघून हॉर्न न वाजवता नुसतं कपाळाला बोट लावणारे… हे सगळं आवडायला लागलं होतं. हेच तर वाईट होतं. आईच्या नऊवर बसून आपण शेंगा खातोय, असं वाटून तिने उरलेल्या शेंगा ओढणीच्या टोकात बांधल्या.

*

दार नुसतं लोटलेलं होतं, नेहमीसारखंच. या घराला आतून कडीच नाही; लहानपणी देविकाला त्याची लाज वाटायची, मैत्रिणी विचारायच्या, तुमच्याकडे चोर येत नाहीत का? भूकंपातल्या गावची आहे तुझी आई, एवढंच बाबा सांगायचे, आणि ते उत्तर पुरेसं आहे असं सगळ्यांनी धरून चालायचं.

"आलीस का माय," आई म्हणाली. चंद्रप्रभाबाईंच्या समोर पोळ्यांची चळत, कोपरापर्यंत पीठ. "न सांगता आलीस ते? जेवलीस का?"

"हो. नाही. शेंगा खाल्ल्या."

"शेंगांनी काय व्हतंय? बस."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वापाच. क्लासचं ऑफिस तीन मिनिटांवर. आधी अर्ज देऊन यावं की आधी सांगावं… सांगून गेलं तर आईचा चेहरा बघायला मिळेल. तो चेहरा बघायला आपण साडेतीन तास बसने आलो, हे तिला तेव्हाच, पाटावर बसता बसता, कळलं, आणि स्वतःचा थोडा रागही आला.

तेवढ्यात उमैमा डबा परत द्यायला आली. उदगीरची पोरगी, गेल्या वर्षापासून मेसला. डबा ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. डोळे सुजलेले.

"काकू, आजच्या टेस्टमध्ये सत्तावीसवी आले. मागच्या टायमाला नववी होते."

"बस आधी. गरम पोळी खा. सत्ताविसाव्याला काय भूक लागत न्हाई का?"

उमैमा रडता रडता हसली. पोळी हातात घेऊन उभ्याउभ्याच खाल्ली, बोटं चाटली आणि गेली. ती गेल्यावर आई तव्यावरची पोळी उलटत, अगदी सहज, पण आवाजात कुठेतरी वर्गाबाहेर उभ्या असलेल्या पालकासारखी धाकधूक घेऊन, म्हणाली,

"आणि माझा गं? त्या कागदाचा निकाल लागला का?"

देविकाला वाटलं, खोटं सांगावं. वीस सांगावं, चोवीस सांगावं…

"नऊ," ती म्हणाली. "पस्तीसपैकी."

"नऊ?" उलथनं थांबलं. "असं कसं नऊ? चार वाक्यांला तर मी पहिला नंबर दिला व्हता. पहिला! तुझ्या त्या सरांनी कागद नीट तपासला न्हाई. जा, पुन्हा तपासायला टाक."

पोळी जळायला लागली. देविका बघत राहिली. पहिला नंबर. या गल्लीत, या गावात, जिथे एक म्हणजे फ्लेक्सवर सगळ्यात मोठा फोटो, दोन म्हणजे त्याहून लहान, आणि सातला कुणी विचारत नाही – जिथे आई पंधरा वर्षं रोज दोन वेळा पोरींच्या तोंडून नंबरच ऐकत आली – तिथे मी तिला म्हणाले, नंबर दे. मीच म्हणाले. कागदाच्या वरची बारीक अक्षरातली सूचना चष्म्याशिवाय कोण वाचणार होतं?

म्हणजे – आज माझं जे चाललंय ते मला आवडतं, पहिला. माझ्या घरातली माणसं, पहिला.

हसावं की रडावं ते तिला कळेना. महिनाभर ज्या नवाखाली ती वाकून चालत होती ते नऊ नव्हतंच. मग बॅगेतून कागद काढून तिने पुन्हा पाहिला, आणि बोट शेवटच्या चौकटीवर थांबलं. तिथे पाच होता. महिनाभर तिने त्या पाचाचा आधार धरला होता – निदान एवढं तरी बरं आहे. नंबर म्हणून वाचल्यावर आता तोच एकटा मागे राहिला. 'जे होऊन गेलं त्याची खंत आता माझ्या मनात नाही.'

"याला मात्र पाचवा दिलास," ती हळूच म्हणाली.

आईने गॅस बारीक केला. पिठाचा हात परातीच्या काठावर ठेवला. दाराकडे बघत म्हणाली,

"त्या रातीला गणपती बोळवून आलो. गावात लई दंगा व्हता, पिऊन हिंडत व्हती माणसं. आबा म्हणले, राहू दे दार उघडं, वारं यिऊ दे. मला भ्या वाटलं. मीच अडसर लावला." तिने परातीच्या काठावरचं पीठ बोटाने पुसलं. "पहाटं हालायला लागलं तसे आबा अडसर काढायला पळाले. दारावरचीच भिंत त्यांच्या अंगावर आली."

आबा म्हणजे केरबा, देविकाचे आजोबा. भिंतीवरचा हार घातलेला फोटो. भूकंपात गेले. एवढंच तिला माहीत होतं. एवढंच सगळ्यांना माहीत होतं. ती पाटावरून उठून आईच्या शेजारी फरशीवर जाऊन बसली. काय म्हणतात अशा वेळी? पुस्तकात होतं काहीतरी, स्वतःला क्षमा करण्याबद्दल, अख्खं प्रकरण होतं, आणि त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं.

"आधी सातवा व्हता," आई म्हणाली. "लई वर्षं सातवाच. आता पाचवा. पोरी येतात, जेवतात, दार लोटून जातात… कमी झालं. जाणार न्हाई, पर कमी झालं."

हे बोलताना तिचा चेहरा दुःखी नव्हता. देविकाने नीट पाहिलं, पहिल्यांदाच इतक्या जवळून. तिथे दुःख होतं आणि समाधानही होतं, दोन्ही एकाच घरात दार लोटून नांदत होती, आणि दोघांची बेरीज करायची कुणाला गरज वाटलेली नव्हती.  मला हिचं काहीच ठाऊक नव्हतं, आणि मी हिच्यासाठी आयुष्य ओवाळून टाकायला निघाले होते.

"आई," तिने धीर करून विचारलं, "मी डॉक्टर झाले नाही, त्याला कितवा नंबर?"

"त्याचं वाक्य कुठं व्हतं कागदावर?"

"नव्हतं."

"मग? इचारायचं व्हतं की." आईने पुन्हा लाटणं घेतलं. "वाईट वाटलं व्हतं. न्हाई कसं वाटंल? दोन-तीन म्हैने लई वाटलं. मग तू नांदेडहून फोनवर हसलीस एकदा. मोठ्यानं. कशाला ते आठवत न्हाई. तवापासून मी काय त्याचा नंबर काढला न्हाई."

घड्याळात पावणेसहा. अर्ज बॅगेत होता, फोटो चिकटवलेला. अजून जाता येईल, देविकाच्या मनात आलं, आणि आश्चर्य म्हणजे त्या विचाराला आता आईचा चेहरा नव्हता. जायचं तर स्वतःसाठी जावं लागेल. न जायचं तरी स्वतःसाठीच. इतकी मोकळी जागा समोर तिने कधी पाहिली नव्हती, आणि भीती वाटायला हवी होती, पण वाटत होती ती भुकेसारखी काहीतरी हुरहूर.

तिने ओढणीच्या टोकातल्या शेंगा सोडून आईपुढे ठेवल्या. मग बॅगेतून सरांनी दिलेला एक कोरा कागद काढला – दोन होते, एक घरच्या माणसासाठी, एक स्वतःसाठी, आणि स्वतःचा तिने कधी भरलाच नव्हता. पहिलं वाक्य वाचलं. 'आज माझं जे चाललंय ते मला आवडतं.'

"पेन आहे का गं?"

"ओट्यावर हाय बघ, मिठाच्या बरणीमागं."

पेनाला कणीक लागली होती. ती पुसली नाही. चौकटीवर पेन टेकवून ती बसून राहिली. नांदेडच्या बाजूने सातापर्यंत मोजू की लातूरच्या बाजूने पहिला नंबर देऊ, हे अजून ठरत नव्हतं. पण आकडा आत कुठेतरी हलत होता, चांगला हलत होता. समोर आई शेंग फोडत होती, आणि तिसरी चांगली गोष्ट आज शोधावी लागणार नाही, हे देविकाला कळलं होतं.