आईचा कारभार

व्हर्लिनने आईला नव्या ट्रॅक्टरवर चढवलं, तेव्हा त्याची बहीण आर्लिस पायरीवर उभी राहून बघत होती. ऐंशी ओलांडलेली हिल्डा, डोक्यावर बियाणं कंपनीची कोरी टोपी, आणि खाली उभा राहून फोटो काढणारा पोटचा मुलगा. "आई, हस की! मालकीण आहेस तू!"

मालकीण ती कागदावर झाली होती. कोविडच्या साथीत सरकारने शेतकऱ्यांना मदत वाटली, तीही दर भागीदारामागे. झालं! अमेरिकेतल्या आयोवात, त्यांच्या काउंटीत मक्यापेक्षा भागीदारांचं पीक जोरात आलं. कुणाची मेव्हणी, कुणाची कॉलेजातली पोरं. व्हर्लिनने बायको दाखवली, मग आई. अट एवढीच, की भागीदाराने कारभारात डोकं घातलेलं असावं. आईचं डोकं तर कधीपासूनच ठिकाणावर नव्हतं. दिवसातून दहादा ती ओव्हनचं दार उघडून बघायची. तरुणपणी, कडाक्याच्या थंडीत गारठलेली डुकराची पिल्लं खोक्यात घालून ती त्याच उघड्या दारावर ठेवायची, उबेला.

"तू तिच्याजवळ राहतेस. ती कारभार बघते म्हणून साक्षीला तुझी सही, बास," व्हर्लिन आर्लिसला म्हणाला. "तपासणीला माणूस येतोय."

"आणि नाही केली तर?"

"हे घर माझ्या नावावर आहे, बाई. मी आजवर काही बोललोय का?"

म्हणजे आत्ता बोलला.

तपासणीस आला, नाकाखाली घसरलेला मास्क लावून. आर्लिसने कॉफी आणि लिंबाच्या वड्या पुढे ठेवल्या. त्या भागात जप्ती घेऊन आलेल्यालाही कॉफी विचारतात.

"आजी, यंदा शेतीत तुम्ही काय ठरवलंत?"

"सगळं तिला विचारूनच-" व्हर्लिन घाईने म्हणाला.

"त्यांना बोलू द्या."

हिल्डा खिडकीतून डुकरांच्या लांबलचक गोठ्यांकडे बघत राहिली. "पंखे बंद झाले. मी म्हटलं, व्हर्लिन, पंखे लाव. पिल्लं आत आहेत. तो ऐकेचना."

गेल्या वसंतात साथीने कत्तलखाना बंद पडला होता, वाढलेली डुकरं घ्यायला कुणी नव्हतं. व्हर्लिनने गोठ्याची दारं-झडपा बंद केल्या आणि पंखे थांबवले. आतल्या उष्म्यात जनावरं भाजून निघाली. आई दिवसभर काचेला तळहात लावून उभी होती. त्या मेलेल्या डुकरांचीही सरकारी भरपाई मिळाली, ट्रॅक्टर त्यातलाच.

तपासणीसाने ओठांवरचा चुरा पुसला. "म्हणजे कारभारात सल्ला देतात," असं म्हणून त्याने लिहून घेतलं.

"बघा! म्हटलं नव्हतं?" व्हर्लिनने आणखी एक वडी तोंडात टाकली.

आर्लिसने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. "अहो, वर्षभरात तिने एकच शब्द सांगितला, तोही ह्याने पायदळी तुडवला. ती कारभारीण कसली? मी सही करणार नाही."

"वेड लागलं का तुला? सगळी काउंटी घेतेय!"

"त्यांच्या आया त्यांना लखलाभ."

साक्ष नाही, तर आईचा वाटा नाही. तपासणीस कागद गुंडाळून गेला. "बर्फ वितळलं की सामान हलव," व्हर्लिन दारातून म्हणाला. जाताना उरलेल्या वड्या त्याने उचलल्या, ताटलीसकट.

मागे ओव्हनचं दार करकरलं.

"आर्लिस, पंखे लावले का गं त्याने?"

"लावले, आई."

त्या दिवशी ती एवढंच खोटं बोलली. मग तिने आईचा हात बाजूला करून दार हळूच लावलं.