तिसऱ्या कोठारातला गहू

'यारोस्लावा' एकोणीस दिवस अलेक्झांड्रियाच्या बंदराबाहेर नांगर टाकून उभी होती. तेवढ्या दिवसांत पावाच्या भट्टीवाल्यांपासून टॅक्सीवाल्यांपर्यंत सगळ्यांना तिचं नाव पाठ झालं होतं. युद्ध पेटायच्या आदल्या दिवशी युक्रेनच्या धक्क्यावरून सुटलेलं गव्हाचं जहाज. माल कुणाचा ते सांगणारे कागद तिकडच्या बंद पडलेल्या कचेरीत अडकले होते, म्हणून एवढा खोळंबा. त्याच्यामागून तिकडचं एकही जहाज आलं नव्हतं. रमजान दोन आठवड्यांवर होता, आणि भट्ट्यांपुढच्या रांगा सकाळी नमाजाआधीच गल्लीच्या वळणापर्यंत जात होत्या.

कागद आले, जहाज धक्क्याला लागलं, आणि तपासणीला इन्शिराह चढली. एकतीस वर्षं ती बंदरात धान्यच तपासत होती. हमाल तिला इंजिनिअरबाई म्हणायचे. दोरीची शिडी ती अजूनही कुणाचा हात न धरता चढायची, आणि वर पोचल्यावर धापा टाकणाऱ्या तरुण खलाशांकडे बघून हसायची.

जहाजाच्या पोटात पाच कोठारं. पहिल्या दोन कोठारांचा गहू तिने मुठीत घेतला, दाताखाली फोडला आणि पसंतीची मान डोलावली. तिसऱ्याचं झाकण सरकलं तशी ती एक पाऊल मागे आली. कुबट, गरम वाफ वर आली होती.

"झाकणातून पाणी आलंय," ती म्हणाली.

तिच्या शेजारी जहाजाचा मुख्य अधिकारी ओस्ताप उभा होता. पस्तिशीचा, डोळे तांबारलेले. मोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, "वाटेत वादळ लागलं, बाई. झाकणाचं रबर विरलं होतं. नवं मागवलं होतं, ते आमच्या गावच्या गोदीत पडून राहिलं. आता त्या गोदीवर बॉम्ब पडतायत. मी ताडपत्री बांधली होती वरून. पुरली नाही."

तो खोटं बोलत नाहीये, हे इन्शिराहला कळलं. खोटं बोलणारे सगळं वादळावर ढकलतात, विरलेल्या रबराचं नाव काढत नाहीत, हा तिचा अनुभव होता.

चौथं आणि पाचवं कोठार कोरडं निघालं. व्यापाऱ्याचा दलाल शुक्री धक्क्यावरच वाट बघत होता. ती उतरताच तो जवळ आला. "बाई, केवढंसं भिजलंय ते! बाकीच्या चारही कोठारांत थोडं थोडं मिसळून टाकू. दळल्यावर कुणाच्या बापाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

"अहो, लोक पावासाठी तडफडतायत आणि तुम्ही वास घेत बसलात!"

"तडफडतायत म्हणून कुजकं घालू त्यांच्या पोटात? चांगली चार कोठारं नासवायची आणि पाचवं लपवायचं? बाजूला हो, शुक्री, मला साहेबांना फोन करायचाय."

वहदानसाहेब तपासणी खात्याचे संचालक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि थंडपणे म्हणाले, "परत पाठव जहाज."

"सगळं?"

"सगळं. माल नाकारला म्हणून आजवर कुणाला नोटीस आलेली मी पाहिली नाही. पास केला आणि काही झालं, तर माझं नाव पेपरात येईल. तुझंही."

"आणि लोकांनी खायचं काय?"

"तो मंत्रालयाचा प्रश्न."

"साहेब, परवा मला अहवाल द्यायचाय. परवापर्यंत थांबा," असं म्हणून तिने त्यांना बोलायला जागाच ठेवली नाही.

ओस्तापने शिडीच्या तोंडाशी तिला गाठलं. संचालकांचं म्हणणं त्याच्या कानावर गेलं होतं. "परत पाठवाल तर कुठे नेऊ, बाई? ज्या धक्क्यावरून निघालो तो धक्काच बंद आहे. माझा भाऊ तिकडे ट्रॅक्टर चालवायचा. आता खंदक खणतोय. यंदा पेरणी झालीच नाही आमच्याकडे."

"परत नेऊ नकोस," इन्शिराह म्हणाली. "मला पंखे दे. कोठारात आधी वारा खेळव. कुजलेल्या धान्याची हवा माणूस मारते. मी सांगेपर्यंत एकही माणूस खाली उतरायचा नाही."

रात्रभर पंखे चालले. सकाळी हवा तपासून ती तोंडाला मास्क लावून खाली उतरली. सोबत हमालांचा मुकादम अब्दुल गव्वाद आणि माणसाच्या उंचीहून लांब, नमुना काढायची पितळी परखी. वीतभर ओल असेल तिथे ती पुन्हा खोल खुपसायची, दाणे हातावर घ्यायची, थर्मामीटर लावायची आणि निळी दोरी ताणून हद्द आखायची. अब्दुल गव्वाद दोरी धरून मागे मागे. गुडघाभर गव्हातून चालताना त्याचे पाय भरून आले.

"बाई, तुमचं वय काय आणि हे करता काय!"

"तुझी बायको पण असंच म्हणते का रे तुला?"

"ती तर म्हणते, काहीच करत नाही मी!"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. पाणी डाव्या भिंतीलगतच उतरलं होतं. भिंतीपासून साडेतीन हात, खोली पुरुषभर. त्यापलीकडचा गहू खणखणीत कोरडा. दोन्ही बाजूंचे नमुने प्रयोगशाळेत गेले. निकाल तिने आधीच वहीत लिहून ठेवला होता, प्रयोगशाळेचा कागद आल्यावर त्याखाली फक्त बरोबरची खूण केली.

मग तिने पुन्हा फोन लावला. "साहेब, जहाजावर या."

"मी? अगं, बारा वर्षांत मी शिडी चढलो नाहीये."

"म्हणूनच या. कागदावरून घाबरताय तुम्ही."

वहदान आले. खलाशांनी कमरेला दोर बांधून त्यांना वर घेतलं. चेहरा पांढराफटक, टाय खांद्यावर. कोठारात उतरल्यावर इन्शिराहने त्यांना निळ्या दोरीच्या डावीकडे नेलं.

"कोपरापर्यंत हात घाला."

त्यांनी घातला आणि चटकन मागे ओढला. "गरम आहे! हमामसारखं!"

"आता दोरीच्या पलीकडे."

वहदानांनी बाही आणखी वर सारली. या खेपेला हात बराच वेळ आत राहिला. गार, सुटा, घरंगळता गहू. त्यांनी मूठ भरून बाहेर काढली, वास घेतला, दोन दाणे चावले. लहानपणी नदीच्या डेल्टातल्या खळ्यावर वाढलेला माणूस होता तो. खुर्चीत बसून बसून विसरला होता, एवढंच.

"चांगला आहे," ते हळूच म्हणाले.

"साठ हजार टन माल आहे, साहेब. त्यातला दोरीच्या डावीकडचा तेवढा मी माझ्यासमोर फावड्याने काढून जाळून टाकणार. बाकीचा गिरण्यांना. आणि हे सगळं अहवालात लिहिणार, ओलीसकट. लपवायचं काहीच नाही."

"आणि उद्या कुणी बोट दाखवलं तर?"

"तर त्याला इथे घेऊन या. हात घालायला सांगू."

वहदान हसले. एवढ्या वर्षांत तिने त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. सही त्यांनी तिथेच, अब्दुल गव्वादच्या पाठीवर कागद टेकवून केली.

चाळीस माणसं दीड दिवस फावडी मारत होती. कुजका गहू ट्रकांतून वाळवंटाच्या बाजूला गेला, आणि त्याची राख होईपर्यंत इन्शिराह तिथे उभी राहिली. शुक्री मध्ये एकदा "थोडा कोंबड्यांना तरी?" म्हणून डोकावला. तिने नुसतं बघितलं, तसा तो गेला.

मग मोठे नळ कोठारांत उतरले आणि गहू ओढू लागले. सोनेरी धूळ धक्क्यावर पसरली, हमालांच्या पापण्यांवर बसली. ओस्ताप कठड्याला टेकून बघत होता.

"आमच्या गावचा शेवटचा आहे हा," तो म्हणाला.

"यंदाचा शेवटचा," इन्शिराह म्हणाली. "पुढचा येईल तेव्हा झाकणाला नवं रबर लावून आण. नाहीतर माझ्याशी गाठ आहे."

तो हसला आणि लगेच तोंड फिरवून डोळे पुसू लागला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही, नळाकडे बघत राहिली. गहू न थांबता वर चढत होता.

संध्याकाळी वहदानांचा फोन आला. हिंदुस्थानातून गहू घ्यायचं मंत्रालयात चाललंय, तिकडच्या बंदरात जाऊन माल आधीच पारखायला माणूस हवा.

"तिकडचा गहू कसा असतो गं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "हातात घेतला की सांगते. कधी निघायचं?"